चार आकड्यांचे सहा झाले, मग जुन्या नोंदींचं काय?

आमच्या टॅम्पिनीसच्या राउंड मार्केटचा पिनकोड ५२११३७. पहिले दोन आकडे विभागाचे, शेवटचे तीन ब्लॉकचे. इथे बहुतेक प्रत्येक इमारतीला स्वतःचा कोड आहे, त्यामुळे टॅक्सीवाल्याला पत्ता सांगावाच लागत नाही. पण १ सप्टेंबर १९९५ पूर्वी सिंगापूरचे कोड चार आकडी होते आणि एका कोडात बऱ्याच इमारती मावत. म्हणजे नुसत्या जुन्या कोडावरून नवा काढता येत नाही, पूर्ण पत्ता लागतो. शिवाय मरिना बे सँड्सचा कोड ०१८९५६. रकाना ‘संख्या’ म्हणून ठेवला, की पुढचं शून्य गायब!

असा बदल डेटाबेसने कसा पचवला, हे दोन प्रणालींत ताडून पाहायचं तर आधी शब्द एक हवेत. योगायोगाने १९९५ मध्येच जॉन रॉडिक यांनी आपल्या आढावा लेखात तीन पायऱ्या स्पष्ट केल्या. पहिली, भरलेल्या डेटाबेसचा आराखडा बदलता येणं. दुसरी, तो बदलताना आधीची माहिती न गमावणं. तिसरी, जुना आराखडा निवडून त्यातून प्रश्न विचारता येणं. ‘आमच्याकडे बदलाची सोय आहे’ असं विक्रेता म्हणतो, तेव्हा तो बहुधा पहिल्या पायरीवरच उभा असतो.

तिसरी पायरी का लागते, ते ठाणे जिल्ह्यावरून कळेल. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या १,१०,६०,१४८, देशात सर्वाधिक. १ ऑगस्ट २०१४ ला आठ तालुके वेगळे काढून पालघर जिल्हा झाला. नाव तेच, ‘ठाणे’. आतला प्रदेश वेगळा. लसीकरणाची २०१३ आणि २०१५ ची टक्केवारी शेजारी ठेवली तर आलेख दिसेल सुबक, पण जव्हार-मोखाड्याची मुलं एकाच वर्षात मोजलेली असतील.

पुढे २००८ मध्ये कार्लो कुरिनो आणि सहकाऱ्यांनी ‘प्रिझम’ या प्रणालीत बदलांची मोजकी क्रियापदं ठरवली: तक्ता विभागणे, जोडणे, रकान्याचं नाव बदलणे वगैरे. बदल असा नेमक्या क्रियापदात लिहिला, की जुना प्रश्न नव्या तक्त्यांवर आपोआप बेतून घेता येतो. विकिपीडियामागच्या डेटाबेसचा आराखडा साडेचार वर्षांत १७१ रूपांतून गेल्याचं याच गटाने मोजलं. माणसाने हाताने सांभाळायचं हे काम नव्हे.

नवी प्रणाली दाखवायला कुणी आलं, की मी हल्ली एवढंच विचारते: जुलै २०१४ चा अहवाल आज काढला, तर त्यात ठाण्याचे तालुके किती येतील, सात की पंधरा?