टॅब केवढा हवा, हे कुणाला विचारायचे?

रमजान ईद झाली आणि आमच्या घरात एका वस्तूवरून जो वाद सुरू झाला, तो बकरी ईदच्या तोंडावर मिटला. वस्तू होती टॅब. मुलगी यंदा दहावीला. तिच्या क्लासच्या नोट्स, सराव प्रश्नपत्रिका, सगळे मोबाइलवर येते आणि ती ते बोटांनी मोठे करून, इकडून तिकडे सरकवून वाचते. माझे सासरे निवृत्त शिक्षक. घरात सगळेच त्यांना अब्बा म्हणतात. सकाळी मराठी वर्तमानपत्र आणि दुपारी उर्दू बातम्या वाचल्याशिवाय त्यांचा दिवस जात नाही. मोबाइलवरची अक्षरे मात्र आता त्यांना लागत नाहीत.

माझी भिशी लागली होती. त्या पैशातून पावसाळ्याआधी माडीवरचे पत्रे बदलायचे होते. ते पुढे ढकलून दोघांत मिळून एक टॅब घ्यायचा, असे ठरले. पण केवढा? मुलांचे अब्बू म्हणाले, "मोठाच घेऊ. अब्बांची नजर कमी झालीये." मला वाटत होते, लहान घ्यावा, स्वस्त पडेल आणि मुलीच्या दप्तरात बसेल. दुकानात गेलो तर दुकानदार म्हणाला, "ताई, लहान टॅब आता कुणी मागत नाही."

हे ऐकून मला गंमत वाटली, कारण हेच वाक्य जगातल्या एका मोठ्या कंपनीच्या प्रमुखाने पंधरा वर्षांपूर्वी जवळजवळ याच अर्थाने म्हटले होते. पुढे त्याच कंपनीने लहान टॅब काढला आणि लोकांनी तो घेतला. ती हकिगत आपल्यासारख्या घरांनी माहीत करून घेण्याजोगी आहे.

ॲपलचा पहिला आयपॅड एप्रिल २०१० मध्ये अमेरिकेत विक्रीला आला. पडदा ९.७ इंचांचा, वजन ६८० ग्रॅम, किंमत ४९९ डॉलरपासून पुढे. त्याच वर्षी सॅमसंगने ७ इंचांचा गॅलेक्सी टॅब बाजारात आणला. तेव्हा ॲपलचे प्रमुख स्टीव्ह जॉब्स यांनी १८ ऑक्टोबर २०१० रोजी गुंतवणूकदारांशी बोलताना लहान टॅबची चांगलीच खिल्ली उडवली. हे टॅब जन्मतःच मेलेले आहेत, ते वापरायचे तर सोबत बोटे घासायला सँडपेपर द्यावा लागेल, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता.

थट्टा बाजूला ठेवली तरी त्यांचे दोन मुद्दे खरोखर विचार करण्यासारखे होते. पहिला मापाचा. पडद्याचे माप आपण एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत तिरके घेतो. त्यामुळे ७ इंच आणि ९.७ इंच ऐकताना फरक थोडा वाटतो. प्रत्यक्षात लांब-अरुंद ७ इंची पडद्याचे क्षेत्रफळ आयपॅडच्या निम्म्याहूनही कमी भरते. दुसरा मुद्दा खिशाचा. टॅब घेणाऱ्याच्या खिशात स्मार्टफोन असतोच. मग टॅबही लहान करून त्याच्या हाती काय लागणार?

एवढे ठामपणे सांगितल्यावर विषय संपायला हवा होता. पण ॲपलच्याच आतून वेगळा आवाज उठला. एडी क्यू या वरिष्ठ अधिकाऱ्याने जानेवारी २०११ मध्ये सहकाऱ्यांना पत्र लिहिले, की ७ इंची टॅबला बाजार मिळेल आणि आपणही तो काढावा. पुढे २०१२ मध्ये ॲपल आणि सॅमसंग यांच्यातल्या खटल्यात हे पत्र न्यायालयात उघड झाले. त्यात मला महत्त्वाची वाटते ती एकच गोष्ट: क्यू यांनी सॅमसंगचा तो टॅब स्वतः वापरून पाहिला होता. ईमेल, पुस्तके, व्हिडिओ यांसाठी तो त्यांना भावला होता. वेबसाइट पाहणे मात्र तितकेसे जमत नव्हते. म्हणजे एका बाजूला तर्क होता आणि दुसऱ्या बाजूला हातात धरून घेतलेला अनुभव.

दरम्यान बाजार थांबला नव्हता. नोव्हेंबर २०११ मध्ये ॲमेझॉनचा ७ इंची किंडल फायर १९९ डॉलरला आला. २०१२ मध्ये गूगलचा नेक्सस ७ त्याच किमतीला आला. आपल्याकडे ५ ऑक्टोबर २०११ रोजी दिल्लीत कपिल सिब्बल यांच्या हस्ते विद्यार्थ्यांसाठी 'आकाश' टॅबचे उद्घाटन झाले. तोही ७ इंची. सरकारला तो सुमारे २,२७६ रुपयांना पडत होता. त्याचा पडदा बोटाने जोर देऊन दाबावा लागे आणि तो संथही होता. आकाश लहान होता तो कुणी लहान मागितला म्हणून नव्हे, किंमत खाली आणायची होती म्हणून.

इथे खरा प्रश्न येतो. लोक लहान टॅब घेत होते, की स्वस्त टॅब घेत होते? १९९ डॉलरच्या वस्तूवरून याचे उत्तर मिळत नाही. लहान असूनही महाग असलेली वस्तू लोक घेतात का, हे पाहावे लागते. ती परीक्षा २०१२ च्या अखेरीस झाली. जॉब्स यांचे ५ ऑक्टोबर २०११ रोजी निधन झाले होते. २३ ऑक्टोबर २०१२ रोजी ॲपलने आयपॅड मिनी जाहीर केला. पडदा ७.९ इंच, वजन ३०८ ग्रॅम, किंमत ३२९ डॉलर, म्हणजे नेक्ससपेक्षा तब्बल १३० डॉलर जास्त. विक्री सुरू झाल्यावर पहिल्या तीन दिवसांत मिनी आणि नवा मोठा आयपॅड मिळून ३० लाख नग खपल्याचे कंपनीने सांगितले. जादा पैसे मोजूनही लहान टॅब घेणारे लोक होते, हे त्यावरून दिसले.

मग जॉब्स चुकले का? पूर्ण नाही. मिनीचा पडदा ७ नव्हे, ७.९ इंचांचा होता आणि आकाराने थोडा चौकोनी होता. त्यामुळे क्षेत्रफळात तो ७ इंची टॅबपेक्षा साधारण एकतृतीयांशाने मोठा भरत होता. मापाचा मुद्दा कंपनीने मान्य केला आणि त्यावर उपाय काढला. आणि खिशातल्या फोनचा मुद्दा तर काही वर्षांनी खराच ठरला. २०१२ चा आयफोन ५ केवळ ४ इंचांचा होता. २०१४ मध्ये ५.५ इंचांचा आयफोन ६ प्लस आला. आज आपल्याकडच्या साध्या फोनचा पडदाही साडेसहा इंचांच्या पुढे असतो. फोन वाढत गेले तशी लहान टॅबची जागा आक्रसली. आयपॅड मिनीचीच नवी आवृत्ती २०१५ नंतर थेट २०१९ मध्ये आली. पण तो बंद पडला नाही. २०२१ मध्ये ८.३ इंची मिनी आला, २०२४ मध्ये पुन्हा नवा आला. छोट्या विमानांचे वैमानिक तो मांडीला पट्ट्याने बांधून त्यावर नकाशे पाहतात. मोठा टॅब तिथे मावतच नाही.

म्हणजे 'लोकांना लहान हवा की मोठा' हा प्रश्नच अपुरा आहे. कुणाच्या हातात, कुठे बसून, काय वाचायला आणि घरात आधीच कोणते पडदे आहेत, हे विचारल्याशिवाय त्याला उत्तर नाही.

हे कळल्यावर आम्ही घरी एक प्रयोग केला. १९९६ मध्ये आलेल्या पाम पायलट या खिशातल्या छोट्या संगणकाची कल्पना सुचली, तेव्हा त्याचे निर्माते जेफ हॉकिन्स आधी लाकडाचा एक ठोकळा त्या मापाचा करून खिशात घालून फिरत होते. आम्ही लाकडाऐवजी जुन्या कॅलेंडरचा पुठ्ठा घेतला. मुलीने दोन तुकडे कापले: एक २० सेंटिमीटर लांब आणि साडेतेरा रुंद, दुसरा २५ लांब आणि १८ रुंद. मग स्वयंपाकघरातल्या काट्यावर मसूर डाळ मोजून लहान पुठ्ठ्यामागे ३०० ग्रॅमची आणि मोठ्यामागे ५०० ग्रॅमची पिशवी चिकटवली. अम्मी म्हणाल्या, "डाळ परत डब्यात गेली पाहिजे हं!"

पहिली परीक्षा मुलीची. तिने फूटपट्टी घेतली. तिच्या प्रश्नपत्रिका ए-४ कागदाच्या, म्हणजे २१ सेंटिमीटर रुंद. तिच्या मोबाइलचा पडदा ७ सेंटिमीटर रुंद. अख्खे पान त्यात बसवले की अक्षर मूळच्या एकतृतीयांश होते. आठ इंचांच्या आसपासच्या टॅबवर ते निम्म्याहून थोडे मोठे राहते आणि ११ इंचांच्या टॅबवर जवळपास पाऊणपट. आकृती, तक्ता, गणिताची मांडणी असलेले पान आपोआप पडद्याच्या मापात बसत नाही. ते आहे तसेच लहान होते. अक्षर बारीक झाले की मूल पडदा डोळ्यांजवळ नेते. शिवाय मुलगी वाचते ती टेबलावर, टॅब भिंतीला टेकवून. वजनाचा प्रश्नच नाही. तिचे उत्तर स्पष्ट होते: मोठा.

आता अब्बा. त्यांच्याबद्दल आम्ही सगळ्यांनी गृहीतच धरले होते, की नजर कमी म्हणजे पडदा मोठा. ते वाचतात ते खिडकीजवळच्या आरामखुर्चीत, मागे रेलून, एका हातात धरून. त्यांनी मोठा पुठ्ठा धरला. पाच मिनिटांत तो मांडीवर आला, मान खाली गेली, चष्मा नाकावर घसरला. लहान पुठ्ठा मात्र ते एखाद्या पुस्तकासारखा धरून बसले आणि बोलता बोलता विसरूनही गेले.

"पण अब्बा, अक्षरं?" मी विचारले.

ते हसले. "अगं, अक्षर मोठं करता येतं ना? हात कसा मोठा करणार?"

बरोबरच होते. ते वाचतात त्या बातम्या अक्षर मोठे केले की पुढच्या ओळीत सरकून पडद्यात बसतात. वर्तमानपत्राचे अख्खे पान उघडले तर ते कोणत्याही टॅबपेक्षा मोठेच. तिथे ११ इंचांवरही बोटाने मोठे करून वाचावे लागते. तिलावतीसाठी तर त्यांची तेरा ओळींची जुनी प्रत आहे, तिला हात लावायचा प्रश्न नाही. म्हणजे मोठ्या पडद्याचा त्यांना फायदा थोडा आणि ओझे जास्त.

मला थोडी शरम वाटली. आम्ही पंधरा दिवस त्यांच्या डोळ्यांवर चर्चा केली, पण त्यांच्या हातात काही ठेवून पाहिले नाही. ज्यांच्यासाठी घ्यायचे त्यांनाच विचारले नाही. कंपन्या ग्राहकांच्या बाबतीत हेच करतात म्हणून आपण नावे ठेवतो आणि घरात मात्र आपणही तेच करतो.

दोघांत एक टॅब हा बेत तिथेच मोडला. एकच मधला टॅब घेतला असता तर तो मुलीला अपुरा आणि अब्बांना जड झाला असता. आम्ही मुलीसाठी मोठा घेतला. अब्बांच्या मोबाइलमध्ये तिने सेटिंगमध्ये जाऊन अक्षरे मोठी करून दिली. ते आता वाचतात, पण एका ओळीत तीन-चारच शब्द मावतात आणि लांबलचक अग्रलेख वाचताना बोट सारखे वर सरकवावे लागते. फोन आणि मोठा टॅब यांच्यामधली ही नेमकी जागा लहान टॅबची आहे. ती मोठी नाही, पण तिथे आमचे अब्बा बसलेले आहेत.

माडीवर यंदा ताडपत्री टाकली आहे. डाळ डब्यात परत गेली. लहान पुठ्ठा मात्र अब्बांनी फेकू दिला नाही. तो त्यांच्या आरामखुर्चीशेजारी, चष्म्याच्या घरासोबत ठेवलेला आहे. पुढच्या भिशीत आधी पत्रे, मग टॅब, असे मी ठरवले होते. काल मुलगीच म्हणाली, "अम्मी, एक पावसाळा अजून निघेल ताडपत्रीवर."

त्या दुकानदाराकडे पुन्हा जाईन तेव्हा त्याला सांगणार आहे, लहान टॅब मागणारे एक गिऱ्हाईक आहे म्हणून.