पेटीचें लांकूड आणि वसाहतीचें आरोग्य

मधमाशीपालनाचा धंदा वाढावा असें सर्वच म्हणतात. परंतु ज्या पेटींत त्या माशीनें जगावयाचें ती पेटी कशाची आहे, हें खरेदीच्या वेळीं क्वचितच विचारलें जातें. जी स्वस्त ती चांगली, असाच बहुधा निवाडा होतो. हा निवाडा आम्हांस मान्य नाहीं.

अळ्या जेथें वाढतात तेथील उष्णता माशा सुमारें ३४ ते ३५ अंश सेल्सियस राखतात. थंडींत त्यासाठीं त्यांस मध खर्चावा लागतो; उन्हाळ्यांत पाणी आणून पंखांनीं वारा घालावा लागतो. भिंत पातळ असेल तर हा खर्च वाढतो, आणि तो भागतो कोठून? मालकाच्या हातीं यावयाच्या मधांतूनच! झाडाच्या ढोलीच्या मानानें नेहमींच्या लांकडी पेटींतून चौपट ते सातपट उष्णता बाहेर जाते, असें इंग्लंडांतील डेरेक मिचेल यांनीं २०१६ सालीं दाखविलें.

मग जाड भिंतीचें मातीचें मडकें काय वाईट, असें कोणी विचारील. त्यांत पोळीं भिंतीस चिकटतात व मधासाठीं तीं कापावीं लागतात. माशांच्या येण्याजाण्यापुरती बेताची फट ठेविली तर त्या ती बुजवीत नाहींत, हें अमेरिकेंतील लँगस्ट्रॉथ यांनीं १८५१ सालीं ओळखलें, आणि त्यावरच सुट्या चौकटींची पेटी उभी आहे. थर्मोकोलाच्या जातीची पेटी ऊब राखते खरी. पण रोगानंतर लांकडाप्रमाणें ती आंतून ज्वाळेनें शेकतां येत नाहीं.

तेव्हां लांकूडच घ्यावें, पण कसलें? ओलें लांकूड वाळतांना वांकतें, मापाची फट बिघडते, चौकटी अडकतात, सांध्यांत भेगा पडतात. युरोपीय माशी भेगा राळेनें लिंपते. आमची सातेरी तसें करीत नाहीं. त्या भेगांतून मेणकिडा शिरतो, आणि त्रासलेली वसाहत घर सोडून जाते. दोष मात्र माशीवर किंवा शेतकऱ्यावर येतो!

२०२२ सालीं महाबळेश्वरजवळील मांघर हें 'मधाचें गांव' म्हणून जाहीर झालें. अशीं गांवें वाढावींत हीच आमचीही इच्छा. म्हणूनच संस्थांना व व्यापाऱ्यांना आमचें सांगणें इतकेंच कीं, खरेदीच्या करारांत वाळलेलें लांकूड, फळीची जाडी व सातेरीच्या मापाची फट या अटी स्पष्ट लिहाव्या, आणि माप घेतल्यावांचून पैसे देऊं नयेत. पेट्या किती वांटल्या हा हिशेब पुरा नव्हे. वर्षानंतर त्यांपैकीं किती पेट्यांत माशी नांदते, हा हिशेब मागितला पाहिजे.