माळ्यावरचे झुंबर विकण्यापूर्वी

माळ्यावरचे जुने झुंबर भंगाराच्या भावाने देण्यापूर्वी एकदा नीट पाहा. ज्योत नेहमी वर जाते. म्हणून मेणबत्तीच्या झुंबराच्या वाट्या वर उघडतात. मूळच्याच वाट्या खाली वळलेल्या असतील, तर ते एडिसनच्या १८७९ च्या दिव्यानंतरचे समजावे. वर उघडलेल्या वाट्यांवरून मात्र जुनेपण ठरवू नये. विजेची झुंबरेही तशी घडवीत. ‘चेकोस्लोव्हाकिया’ असा शिक्का असल्यास माल १९१८ ते १९९२ मधला. शिक्का झिजेल म्हणून पितळ चिंचेने घासू नका. कोरड्या मऊ फडक्याने पुसा. शंभर वर्षे जुनी वस्तू १९७२ च्या कायद्याने पुरावस्तू ठरू शकते. ती खाजगीरीत्या परदेशी पाठविता येत नाही. वय कळले, तरच योग्य भाव मागता येतो.