ठिबकणारी नळी

मे महिन्याच्या अखेरीस मुंबईतील कोणत्याही गल्लीतून मान वर करून चालू लागले, तर मजल्यामजल्यावरील वातानुकूलन यंत्रांच्या नळ्यांतून पाणी ठिबकताना दिसते; खालचे बिऱ्हाडकरू त्याविरुद्ध सोसायटीच्या दप्तरी अर्ज गुदरतात खरे, परंतु ज्याला ते उपद्रव समजतात, तेच त्या यंत्राच्या निम्म्या कर्तृत्वाचे प्रमाण होय.

थंडी उत्पन्न करण्याचे सामर्थ्य या यंत्राच्या अंगी मुळीच नाही. खोलीतील उष्णता गोळा करून ती हद्दपार करणे, एवढाच त्याचा अधिकार. त्यासाठी तांब्याच्या बंद नळ्यांतून एक द्रव्य अखंड फिरत असते. हल्लीच्या पुष्कळ यंत्रांतील आर-३२ हे द्रव्य साध्या वातावरणीय दाबाखाली उणे ५२ अंशांच्या सुमारास उकळते. खोलीतील कूलिंग कॉइलमध्ये ते कमी दाबाखाली उकळते आणि त्यास लागणारी उष्णता आतल्या हवेकडून वसूल करते. मग बाहेरच्या पेटीतला कॉम्प्रेसर त्या वाफेला दाबून इतकी तप्त करतो, की चाळीस अंशांची हवाही तिच्यापुढे थंडच ठरते आणि तिची उष्णता ओढून घेते. उष्णता गमावलेली वाफ पुन्हा द्रव होते, चिंचोळ्या वाटेतून जाताना दाब टाकते आणि गार होऊन आत परतते.

आता पाण्याकडे वळू. हवेतील बाष्प त्या गार कॉइलवर जमते, तेव्हा आपली सुप्त उष्णता तेथेच सोडते, आणि ती वाहून नेण्याचा भार यंत्रावरच पडतो. एक लिटर पाणी निथळवण्यात एक टनाच्या यंत्राची सुमारे १२ मिनिटांची सारी शक्ती खर्ची पडते, आणि तेवढ्यापुरता तापमापकाचा पारा जागचा हलतही नाही. नागपूरच्या कोरड्या उन्हात वाळ्याच्या ताट्यांचा कूलर पाणी उडवून गारवा देतो, तोच मुंबईत निरुपयोगी ठरतो, याचे कारण येथील हवा आधीच बाष्पाने तुडुंब असते.

किंबहुना या यंत्राचा जन्मच आर्द्रतेच्या बंदोबस्तासाठी झाला. १९०२ साली न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातील एका छापखान्यात दमट हवेने कागद फुगून रंगांचे ठसे एकमेकांवर नीट बसेनात, म्हणून विलिस कॅरियर या तरुण अभियंत्याने ही योजना आखली; माणसांचा घाम हा तेव्हा विचारात घेण्याजोगा विषयच नव्हता.

म्हणूनच लहान खोलीत दोन टनांचे यंत्र बसवणाऱ्या हौशी गृहस्थाची मला कीव येते. हवा झटपट गार करून ते थबकते, बाष्प काढण्यास पुरेसा वेळच त्याला मिळत नाही, आणि खोली गार असूनही अंथरूण ओलसर लागते. तशीच दरवर्षीची ती ‘गॅस संपला’ ही तक्रार: बंद मार्गातले द्रव्य पेट्रोलासारखे जळून संपत नाही, ते कोठेतरी गळते. तेव्हा कारागिराने गॅस भरण्यापूर्वी सांध्यांवर साबणाचे पाणी लावून बुडबुडे कोठे येतात ते दाखवावे, असा आग्रह यजमानाने अवश्य धरावा.