कितवीत गेला ते नको, काय वाचतो ते सांगा

यवतमाळ जिल्ह्याच्या महागाव तालुक्यात फुलसावंगी हे गाव आहे. २०२१ च्या ऑगस्ट महिन्यात या गावाचे नाव देशभरच्या वर्तमानपत्रांत आले. आठवीत शाळा सुटलेला, वेल्डिंगच्या दुकानात काम करणारा एक तरुण स्वतःच्या हाताने हेलिकॉप्टर तयार करीत होता. चाचणी घेताना पाते तुटून डोक्याला लागले आणि तो गेला. मोबाईलवर पाहून त्याने ती विद्या मिळविली होती. लोक हळहळले. त्याच्या हुशारीचे कौतुकही झाले. येथे त्याच्या शाळेला दोष देण्याचा हेतू नाही. परंतु ज्याच्या डोक्यात हेलिकॉप्टर होते त्याचे शिक्षण आठवीत का थांबावे, हा प्रश्न तेव्हा फारसा कोणी विचारला नाही. शाळेतून गळालेल्या मुलाबद्दल आपला समाज हळहळतो तोही उशिराच.

दरवर्षी शाळांच्या प्रगतीचा अहवाल निघतो. पटनोंदणी शंभर टक्के, वरच्या वर्गात गेलेले इतके, भिंती रंगविल्या, संगणक आले, शौचालय बांधले. हे सर्व हवेच. परंतु मूल शाळेत येऊन काय शिकले, याचा रकाना अहवालात असला तरी पालकांपर्यंत पोहोचत नाही. मुलींची गळती थांबावी म्हणून शासनाने १९९२ साली उपस्थिती भत्ता सुरू केला, दिवसाला एक रुपया. योजना चांगल्या हेतूची होती. पण तिथेही मोजली गेली ती हजेरीच.

प्रगती मोजण्याची खरी रीत परमपूज्य बाबासाहेबांनी फार पूर्वी दाखवून दिली आहे. १२ मार्च १९२७ रोजी मुंबई विधिमंडळात शिक्षणाच्या अनुदानावर चर्चा होती. महाडचा सत्याग्रह एका आठवड्यावर आला होता. त्या गडबडीतही बाबासाहेब सरकारी आकडे घेऊन सभागृहात उभे राहिले. शंभर मुले पहिलीत दाखल होतात, त्यातील चौथीपर्यंत फक्त अठरा पोहोचतात आणि उरलेली ब्याऐंशी पुन्हा निरक्षर होतात, हे त्यांनी दाखवून दिले. मूल शाळेत शिरले एवढ्याने भागत नाही, जन्मभर साक्षर राहील इतके शिकूनच ते बाहेर पडले पाहिजे, हा त्यांचा मुद्दा होता. याच वेगाने गेले तर सर्व मुलगे शाळेत येण्यास चाळीस वर्षे आणि मुली येण्यास तीनशे वर्षे लागतील, हा हिशेबही त्यांनी सरकारच्याच अहवालातून काढून सरकारपुढे ठेवला. आणि दारूवरच्या करातून सरकार माणशी दोन रुपयांहून अधिक घेते, शिक्षणावर मात्र माणशी चौदा आणेच खर्च करते, हेही ऐकविले. आपला यवतमाळ जिल्हा तेव्हा मुंबई इलाख्यात नव्हता, मध्य प्रांत-वऱ्हाडात होता. म्हणून इकडची स्थिती बरी होती असे कोणी समजू नये.

आज ब्याऐंशी मुले चौथीपूर्वी शाळा सोडत नाहीत. ती पाचवीत जातात, आठवीतही जातात. प्रश्न आता वर्गात बसलेल्या मुलाचा आहे. ‘असर’ नावाची पाहणी २००५ पासून होते. तिचे कार्यकर्ते खेड्यांत घरोघर जाऊन मुलाच्या हातात दुसरीच्या पातळीचा उतारा देतात आणि वाचायला सांगतात. देशाच्या ग्रामीण भागातील सरकारी शाळांत पाचवीत असलेल्या शंभर मुलांपैकी असा उतारा वाचू शकणारी मुले २०१८ साली सुमारे ४४ होती. कोरोनात शाळा बंद राहिल्या. २०२२ साली हा आकडा ३८ वर आला. २०२४ साली तो पुन्हा ४५ च्या जवळ पोहोचला. सहा वर्षे चालून आपण जिथून निघालो होतो तिथेच जेमतेम आलो. उरलेली पंचावन्न मुले कोणाची असतील? ज्यांच्या घरी अभ्यास घेणारे कोणी नाही त्यांची, म्हणजे बहुतेक तुमची-आमचीच.

प्रगतिपुस्तकावरून हे कळत नाही. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच वर्षी राज्यात सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आले आणि गुणांच्या जागी श्रेणी आली. अ-१, ब-२, क-१. कल्पना वाईट नव्हती, मुलाला नापासाचा डाग लागू नये हा विचार होता. पण रोजमजुरीहून संध्याकाळी परतलेल्या आईला क-१ म्हणजे काय हे कोण समजावून सांगणार? मूल वर चढत गेले आणि आई समाधानी राहिली. २०२३ साली राज्याने नियम बदलला. आता पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा आहे. नापास झाल्यास दोन महिन्यांत फेरपरीक्षा, आणि त्यातही नापास झाल्यास मूल त्याच वर्गात राहते. चार वर्षे कोणी काही बोलले नाही आणि पाचवीत एकदम दार बंद, असा प्रसंग आता आपल्या मुलांवर येऊ शकतो.

आपल्या भागात आणखी एक अडचण आहे. विदर्भातल्या शाळा उन्हामुळे जूनच्या अखेरीस सुरू होतात. दिवाळी झाली की पुसद, महागाव, उमरखेडकडची कितीतरी कुटुंबे ऊसतोडीला, वीटभट्टीला, बांधकामावर निघतात. लेकरे बरोबर जातात. म्हणजे या मुलांचे शालेय वर्ष दहा महिन्यांचे नसून चारच महिन्यांचे असते. एप्रिलमध्ये जी परीक्षा होते, तेव्हा ते मूल कुठल्या तरी फडावर असते. शासनाचे हंगामी वसतिगृह आहे, शिक्षण हमी कार्ड आहे. निघण्यापूर्वी शाळेतून हे कार्ड मागून घ्यावे म्हणजे दुसऱ्या गावच्या शाळेत बसता येते. आजी गावात राहणार असेल तर लेकराला तिच्याजवळ ठेवून वसतिगृहाचा लाभ मागावा. परंतु या मुलाची खरी चाचणी दिवाळीपूर्वीच व्हायला हवी, हे मात्र गुरुजींना आपणच सांगावे लागेल.

मागे पडलेले मूल सुधारते का? सुधारते, आणि त्याला फार पैसाही लागत नाही. १९९० च्या दशकात मुंबईच्या झोपडपट्ट्यांतून ‘प्रथम’ या संस्थेचे काम सुरू झाले. पुढे मुंबई आणि बडोद्याच्या महापालिका शाळांत ‘बालसखी’ नेमल्या गेल्या. या वस्तीतल्याच दहावी-बारावी शिकलेल्या मुली. तिसरी-चौथीतील मागे पडलेल्या वीसेक मुलांना बाजूला घेऊन त्या रोज दोन तास फक्त वाचन आणि अंकगणित शिकवीत. अर्थशास्त्रज्ञांनी या कामाची रीतसर तपासणी केली. ज्यांना सर्वांत कमी येत होते तीच मुले सर्वांत जास्त पुढे गेली, असे आढळले. त्या अर्थशास्त्रज्ञांपैकी अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो यांना २०१९ साली नोबेल पारितोषिक मिळाले. त्याच तपासणीत एक कडू गोष्टही दिसली. बालसखी गेल्यावर वर्षभरात तो फायदा बराचसा ओसरला. एका उन्हाळ्याच्या शिबिराने काम होत नाही ते यामुळेच.

आता तिसरी संपेपर्यंत प्रत्येक मुलाला वाचता आले पाहिजे हे ‘निपुण भारत’ योजनेचे उद्दिष्ट आहे. ती २०२१ साली जाहीर झाली. महाराष्ट्रात मार्च २०२५ मध्ये त्यासाठी जो कृती कार्यक्रम आला, त्यात ‘चावडी वाचन’ आहे. मुलांनी गावासमोर वाचून दाखवायचे. ज्या चावडीबाहेर आपले आजे-पणजे वेसकर म्हणून हात जोडून उभे राहिले, तिथे त्यांची पणती पुस्तक उघडून वाचणार. हा कार्यक्रम कागदावर उरकला जाऊ नये यासाठी आपल्या माता-भगिनींनी त्या दिवशी मजुरी अर्ध्या दिवसाने बुडाली तरी तिथे बसावे, असे मला वाटते.

बसण्याचा हक्क तर कायद्यानेच दिला आहे. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सभासद पालक असतात आणि निम्म्या महिला असाव्या लागतात. वंचित घटकांना त्यांच्या प्रमाणात जागा असते. पण अनेक गावांत आपल्या बायांच्या सह्या घरपोच घेतल्या जातात आणि बैठक झाल्याचे वहीत लिहिले जाते. सही करण्यापूर्वी एक प्रश्न विचारावा : तिसरीत मुले किती, आणि दुसरीचा धडा वाचणारी किती? दोन आकडे. ते वहीत लिहायला लावावेत आणि दिवाळीपूर्वी पुन्हा विचारावेत. गुरुजींवर ओरडण्याची गरज नाही. एका शिक्षकाकडे दोन-दोन वर्ग आणि ऑनलाईन माहिती भरण्याची कामे असतात, त्यांनाही अशा प्रश्नाने बळच मिळते. शिक्षकाची जागा रिकामी असेल तर तेही त्याच वहीत लिहावे.

उरलेले काम विहारात होऊ शकते. आषाढी पौर्णिमेपासून वर्षावास सुरू होतो आणि गावोगावच्या विहारांत ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे वाचन चालते. ते आश्विनी पौर्णिमेपर्यंत, म्हणजे शाळेच्या त्याच चार महिन्यांत. मोठ्यांचे वाचन सुरू होण्यापूर्वी अर्धा तास लहानांना द्यावा. कॉलेजात जाणाऱ्या एखाद्या मुलीने मुलांना वर्गाप्रमाणे न बसविता येते त्याप्रमाणे बसवावे : अक्षरे ओळखणारी एकीकडे, शब्द वाचणारी दुसरीकडे, उतारा वाचणारी तिसरीकडे. पाचवीचा मुलगा अक्षरांच्या गटात बसला तर कोणी हसू नये. पुस्तक विकत घ्यावे लागत नाही. दुसरीचे जुने बालभारती वस्तीतल्या कुठल्यातरी घरी सापडतेच.