चिखलातले चाक आणि घरची गाडी

पनवेल हे पूर्वीपासून वाटांचे गाव. पुण्याकडे जाणारा आणि गोव्याकडे जाणारा रस्ता पळस्प्याला एकमेकांचा निरोप घेतात. 2002 साली पूर्ण झालेला द्रुतगती मार्गही जवळच्या कळंबोलीपासून निघतो. पण हे गुळगुळीत रस्ते सोडून माथेरानच्या पायथ्याला धोदाणीच्या बाजूला वळा, आणि श्रावणातल्या चिखलाशी गाठ पडते. म्हणूनच इकडे जीप जातीच्या गाड्यांचे वेड जुने आहे. अडचण एवढीच, की घरात गाडी एकच असते. सोमवार ते शनिवार ऑफिस, शाळा आणि भाजीबाजार, रविवारी डोंगर. अशा गाडीला ‘लॉक’ बसवावे का?

आधी गाडी रुतते का, ते पाहू. वळणावर बाहेरच्या चाकाला आतल्यापेक्षा अधिक अंतर कापावे लागते. दोन्ही चाके वेगवेगळ्या गतीने फिरावीत म्हणून एक्सलच्या मध्यभागी ‘डिफरन्शियल’ असते. पेकर या फ्रेंच कारागिराने ही युक्ती एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच शोधली होती. पण तिचा एक दोष आहे. ती दोन्ही चाकांना जवळपास सारखाच जोर देते. एक चाक चिखलात गरगरू लागले, की त्याला लागतो तेवढाच क्षुल्लक जोर कोरड्या जमिनीवरच्या चाकाच्या वाट्याला येतो. म्हणूनच फोर व्हील ड्राइव्ह असूनही पुढचे एक आणि मागचे एक चाक घसरले, की गाडी जागची हलत नाही.

लॉक ही दोन चाके एकत्र बांधतो. काही लॉक चालकाने कळ ओढून किंवा बटण दाबून लावायचे असतात, तर काही चाकांच्या गतीत फरक पडताच आपोआप लागतात. आकुर्डीच्या फोर्स मोटर्सने 2013 साली आणलेल्या गुरखामध्ये पुढेमागे दोन्हीकडे चालकाच्या हातातले लॉक होते. महिंद्राच्या 2015 च्या थारला मागे आपोआप लागणारा लॉक मिळाला. तिसरा प्रकार ‘लिमिटेड स्लिप’चा. तो चाके पुरती बांधत नाही, नुसता आवर घालतो.

रोजच्या गाडीसाठी मागच्या एक्सलला चालकाच्या हातातला लॉक हा शहाणपणाचा पर्याय. नको तेव्हा तो बंद राहतो. लॉक लावून डांबरी रस्त्यावर वळलात, तर टायर घासतात, एक्सलवर ताण येतो आणि ओल्या घाटात गाडी वळायचे सोडून सरळ जाऊ पाहते. पुढचा लॉक तर स्टिअरिंगच जड करतो; तो घेण्याआधी खरोखर गरज आहे का, ते स्वतःला विचारावे.

खर्चाचा क्रमही महत्त्वाचा. आधी चांगले टायर, मग लॉक, मग एक्सल. लॉक लागला, की सगळा जोर एकाच हाफ शाफ्टवर येऊ शकतो. त्यात मोठे, जड टायर घातले तर शाफ्ट तुटण्याची भीती वाढते. ‘सेमी फ्लोटिंग’ एक्सलमध्ये हाच शाफ्ट गाडीचे वजनही पेलतो. ‘फुल फ्लोटिंग’मध्ये ते ओझे हब आणि हाउसिंग वाहतात, म्हणून शाफ्ट तुटला तरी चाक जागेवर राहते. मुलांना घेऊन घाट उतरणाऱ्याने हा फरक जरूर समजून घ्यावा.

टायर 29 इंचांवरून 31 इंचांवर नेला, तर एका फेरीत गाडी सुमारे 7 टक्के जास्त पळते. स्पीडोमीटर 80 दाखवतो तेव्हा वेग 85 च्या पुढे गेलेला असतो आणि चढावर इंजिन धापा टाकते. मग क्राऊन-पिनियन बदलणे आले, आणि फोर व्हील ड्राइव्ह असेल तर ते पुढेमागे एकाच प्रमाणाचे हवे.

कायदाही विसरून चालणार नाही. मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 52 प्रमाणे कंपनीने ठरवलेल्या मूळ तपशिलांशी विसंगत असे बदल मालकाला मनाने करता येत नाहीत. तेव्हा आरटीओ आणि विमा कंपनी, दोघांनाही आधी विचारून घ्यावे.

एवढे करूनही लॉक म्हणजे धाडसाचा परवाना नव्हे. तो चिखलातून बाहेर काढतो. फुगलेल्या ओढ्यातून नाही. अडकल्यावर सुटायला त्याचा उपयोग करणारा घरी परततो. त्याच्या भरवशावर आणखी पुढे जाणारा मात्र अधिक आत जाऊन अडकतो.