सेज : तुळशीच्या नात्यातली

आपल्या चांदूर रेल्वेत सेज सहसा कुणाच्या अंगणात दिसत नाही. ती भूमध्य समुद्राकाठची. मग ओळखायची कशी? न्यायदर्शनात उपमान नावाचं प्रमाण आहे. ‘गवय गायीसारखा असतो’ एवढं ऐकलेला माणूस रानात गवय दिसला की ओळखतो. तसंच इथे. तुळशीची कोवळी काडी बोटांत फिरवून बघा, चौकोनी लागेल. पानं समोरासमोर, फुलाला दोन ओठ, पान चुरगाळलं की वास. सेजचंही हेच, फक्त पान राखाडी, बारीक लव असलेलं. युरोपात ते मांसाच्या पदार्थांत घालतात, घसा दुखला तर त्याच्या काढ्याच्या गुळण्या करतात.

पण उपमान ओळख देतं, गुणांची हमी देत नाही. तुळशीसारखी आहे म्हणून सेजचं तेल पोटात घेऊ नका. त्यातल्या थुजोनमुळे झटके येऊ शकतात. उन्हाळ्यात आपण सरबतात घालतो तो सब्जा तुळशीचा सख्खा. दुकानात मिळणारा चिया सेजचा. सब्जा एकसारखा काळा, चिया करडा, ठिपकेदार. दोन्ही पाण्यात फुगतात, म्हणून कोरडे गिळायचे नाहीत, भिजवूनच घ्यायचे. सारखेपणा दिसला, की लगेच विचारावं : फरक कुठं आहे?